नवजात अर्भकांतील नेत्रथेंबांचे दुष्परिणाम

नवजात अर्भकांतील नेत्रथेंबांचे दुष्परिणाम म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांत घातलेल्या औषधी थेंबांमुळे किंवा मलमांमुळे उद्भवणारे अनिष्ट परिणाम होत. वैद्यकशास्त्रात जन्मापासून २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला नवजात म्हणतात. मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत मात्र हा विचार त्यानंतरही अनेक आठवडे करावा लागतो. हे दुष्परिणाम दोन प्रकारचे असतात. डोळा, पापण्या आणि भोवतालची त्वचा यांवर होणाऱ्या परिणामांना स्थानिक परिणाम म्हणतात. औषध रक्तात शोषले जाऊन हृदय, श्वसन, आतडी, मेंदू किंवा अंतःस्रावी ग्रंथी यांवर जे परिणाम होतात त्यांना सार्वदेहिक परिणाम म्हणतात.

प्रौढांमध्ये नेत्रथेंबांचे सार्वदेहिक परिणाम तुलनेने कमी आढळतात. त्यामुळे थेंब हे निरुपद्रवी, केवळ बाहेरून लावायचे औषध आहे असा समज रूढ आहे. नवजात बाळाच्या बाबतीत तो खरा नाही. थेंबाचे आकारमान बाळाच्या वजनानुसार घटत नाही. साठ किलो वजनाच्या व्यक्तीला मिळतो तेवढाच थेंब एक किलो वजनाच्या बाळाला मिळतो. दुसरीकडे, काही नेत्रथेंबांवाचून बाळाची दृष्टी वाचवणे शक्य नसते. म्हणून या विषयात औषध टाळण्यापेक्षा औषधाची निवड, तीव्रता, मात्रा आणि निरीक्षण यांना अधिक महत्त्व आहे.

शोषणाचा मार्ग

पापणी आणि नेत्रगोल यांच्यामधील पोकळीत फारच थोडा द्रव मावतो. बाटलीतून पडणारा थेंब साधारणपणे ३० ते ५० मायक्रोलिटर असतो. प्रौढाच्या डोळ्यातही तो पूर्ण मावत नाही आणि नवजाताच्या डोळ्यात तर त्याचा थोडाच अंश राहतो. उरलेला भाग गालावर ओघळतो किंवा डोळ्याच्या आतील कोपऱ्यातील सूक्ष्म छिद्रांतून अश्रुनलिकेत आणि तेथून नाकात उतरतो. नाकाच्या अस्तरात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असल्याने तेथे औषध झपाट्याने शोषले जाते. तोंडाने घेतलेले औषध आतड्यांतून प्रथम यकृतात जाते आणि तेथे त्याचा काही भाग निष्प्रभ होतो. नाकातून शोषले गेलेले औषध यकृताला वळसा घालून थेट रक्ताभिसरणात मिसळते. या दृष्टीने नेत्रथेंबांचे शोषण तोंडी औषधापेक्षा शिरेतून दिलेल्या औषधाच्या अधिक जवळ जाते.

नवजाताच्या शरीराची काही वैशिष्ट्ये हा परिणाम वाढवतात. नवजात बाळ पापण्यांची उघडझाप फार कमी वेळा करते आणि मुदतपूर्व बाळात अश्रूही कमी स्रवतात. त्यामुळे औषध कमी विरळ होते व डोळ्याच्या पृष्ठभागाशी अधिक काळ राहते. पापण्यांची त्वचा पातळ असल्याने ओघळलेले औषध तेथूनही शोषले जाऊ शकते. यकृतातील औषधांचे विघटन करणारी विकरे पूर्ण विकसित झालेली नसतात आणि मूत्रपिंडांची उत्सर्जनक्षमता मर्यादित असते. रक्तातून मेंदूत जाणाऱ्या पदार्थांना रोखणारी यंत्रणाही अपरिपक्व असते. परिणामी औषध अधिक प्रमाणात शोषले जाते, अधिक काळ टिकते आणि मेंदूपर्यंत अधिक सहज पोहोचते.

मात्रेचे गणित

नेत्रथेंबांवरील टक्केवारी वाचताना त्यातील औषधाचे वजन सहसा लक्षात येत नाही. १ टक्का द्रावण म्हणजे दर मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध. या हिशेबाने ५० मायक्रोलिटरच्या एका थेंबात १ टक्का द्रावणाचे ०.५ मिलिग्रॅम, २.५ टक्के द्रावणाचे १.२५ मिलिग्रॅम आणि १० टक्के द्रावणाचे ५ मिलिग्रॅम औषध असते.

बाहुली विस्फारण्यासाठी फेनिलेफ्रिनचे २.५ टक्के द्रावण दोन्ही डोळ्यांत प्रत्येकी तीन वेळा घातले, तर सहा थेंबांतून ७.५ मिलिग्रॅम औषध दिले जाते. साठ किलो वजनाच्या व्यक्तीसाठी हे प्रमाण दर किलो वजनामागे ०.१२५ मिलिग्रॅम होते; एक किलो वजनाच्या बाळासाठी तेच ७.५ मिलिग्रॅम होते. प्रौढाला त्याच प्रमाणात औषध द्यायचे झाल्यास ३६० थेंब घालावे लागतील. हे सर्व औषध रक्तात जात नाही, तरी हा साठपटीचा फरक लक्षात घेण्याजोगा आहे. ॲट्रोपीनच्या १ टक्का द्रावणाच्या एकाच थेंबात ०.५ मिलिग्रॅम औषध असते. प्रौढ रुग्णाला इंजेक्शनाने देण्याची नेहमीची मात्राही सुमारे एवढीच आहे.

इतिहास

नवजात बाळांच्या डोळ्यांत औषध घालण्याची पद्धतशीर सुरुवात एकोणिसाव्या शतकात जर्मनीत झाली. मातेला परमा हा लैंगिक संसर्ग असल्यास प्रसूतीच्या वेळी त्याचे जंतू बाळाच्या डोळ्यांत जातात. त्यातून होणारा तीव्र नेत्रदाह स्वच्छमंडलाला छिद्र पाडून कायमचे अंधत्व आणू शकतो. लायपझिग येथील प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी १८८० मध्ये प्रत्येक नवजाताच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या २ टक्के द्रावणाचा थेंब घालण्यास सुरुवात केली व १८८१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या प्रसूतिगृहात या नेत्रदाहाचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून १ टक्क्याच्याही खाली आले. ही पद्धत पुढे अनेक देशांनी स्वीकारली.

या उपायाबरोबरच नवजातांमधील नेत्रथेंबांचा पहिला सुपरिचित दुष्परिणाम नोंदला गेला. सिल्व्हर नायट्रेट घातलेल्या बहुसंख्य बाळांचे डोळे काही तासांत लाल होत, पापण्या सुजत आणि स्राव येई. याला रासायनिक नेत्रदाह म्हणतात. तो सहसा एक-दोन दिवसांत आपोआप शमतो. मात्र जुन्या बाटलीतील पाणी उडून गेल्याने द्रावणाची तीव्रता वाढली किंवा चुकीच्या तीव्रतेचे द्रावण वापरले गेले, तर स्वच्छमंडल भाजण्यासारख्या गंभीर इजा होत. म्हणून द्रावणाची तीव्रता १ टक्क्यावर आणण्यात आली आणि एकदाच वापरायच्या मेणाच्या लहान कुप्या प्रचारात आल्या. औषधाची तीव्रता कमी करणे आणि एकेरी वापराची कुपी वापरणे ही दोन्ही तत्त्वे आजही नवजातांच्या नेत्रोपचारात पाळली जातात.

पुढे सिल्व्हर नायट्रेटची जागा एरिथ्रोमायसिनचे ०.५ टक्के आणि टेट्रासायक्लिनचे १ टक्का मलम यांनी घेतली. १९९५ मध्ये केनियातील ३,११७ बाळांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पोव्हिडोन आयोडीनचे २.५ टक्के द्रावण परिणामकारक असून सिल्व्हर नायट्रेटपेक्षा कमी दाहक असल्याचे दिसले. सर्व बाळांना सरसकट असे औषध द्यावे की नाही याबाबत देशादेशांत मतभेद आहेत. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१९ मध्ये त्याची शिफारस कायम ठेवली आणि जागतिक आरोग्य संघटनाही त्याला अनुकूल आहे. याउलट कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये सरसकट वापराऐवजी गर्भवतींची तपासणी व उपचार यांवर भर देण्याची शिफारस केली. ब्रिटनमध्येही सरसकट औषध दिले जात नाही.

औषधगटांनुसार दुष्परिणाम

बाहुली विस्फारणारी औषधे

नवजातांमध्ये सार्वदेहिक दुष्परिणामांच्या दृष्टीने या औषधांचा सर्वाधिक अभ्यास झाला आहे. रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी हा मुदतपूर्व बाळांच्या दृष्टिपटलातील रक्तवाहिन्यांचा विकार रुग्णालयांत 'आरओपी' या संक्षेपाने ओळखला जातो. तो वेळेत न ओळखल्यास दृष्टिपटल सुटून अंधत्व येते. त्याच्या तपासणीसाठी बाहुली पूर्ण विस्फारावी लागते आणि ही तपासणी अनेकदा दर आठवड्याला किंवा दोन आठवड्यांनी करावी लागते. भारतात ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांची पहिली तपासणी वयाच्या ३० दिवसांच्या आत व्हावी अशी शिफारस आहे. फारच लवकर जन्मलेल्या बाळांची तपासणी त्याहून आधी करतात. भारतात २०२० साली अंदाजे ३० लाख बाळे मुदतपूर्व जन्मली. यावरून या थेंबांचा वापर किती मोठ्या प्रमाणावर होतो याची कल्पना येते.

फेनिलेफ्रिन रक्तवाहिन्या आकुंचित करते. त्यामुळे रक्तदाब वाढणे, हृदयगती बदलणे आणि डोळ्यांभोवतीची त्वचा काही काळ पांढुरकी पडणे हे परिणाम दिसतात. कमी वजनाच्या बाळांत १० टक्के द्रावणाने रक्तदाब लक्षणीय वाढतो हे १९७३ मधील अभ्यासातून समोर आले. तेव्हापासून ही तीव्रता नवजातांत निषिद्ध मानली जाते. मुदतपूर्व बाळाच्या मेंदूतील रक्तवाहिन्या नाजूक असल्याने रक्तदाबातील अचानक वाढ अधिक चिंतेची असते.

सायक्लोपेंटोलेट, ट्रॉपिकामाइड आणि ॲट्रोपीन ही औषधे मज्जातंतूंकडून येणारे ॲसिटिलकोलीनचे संदेश अडवतात. हे संदेश आतड्यांच्या हालचालींनाही आवश्यक असतात. त्यामुळे पोट फुगणे, जठर रिकामे होण्यास विलंब लागणे, पाजलेले दूध न पचता राहणे किंवा उलटी होणे असे परिणाम होतात. सायक्लोपेंटोलेटच्या ०.५ टक्के द्रावणाने मुदतपूर्व बाळांतील जठरस्राव घटतो, तर ०.२५ टक्के द्रावणाने तसा परिणाम होत नाही, असे १९८५ मधील अभ्यासात आढळले. आतड्याच्या भित्तीचा काही भाग मृत होण्याचा नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस हा गंभीर विकार अशा थेंबांनंतर झाल्याच्या तुरळक नोंदी आहेत. मात्र मुदतपूर्व बाळांना हा विकार अन्य कारणांनीही होत असल्याने थेंबांशी त्याचा कार्यकारणसंबंध ठरवणे कठीण असते. सायक्लोपेंटोलेटमुळे क्वचित झटके येतात. ॲट्रोपीनमुळे ताप, त्वचा लाल होणे, तोंड कोरडे पडणे, हृदयगती वाढणे आणि लघवी अडणे ही लक्षणे उद्भवतात. त्याचा प्रभाव अनेक दिवस टिकतो. म्हणून तपासणीसाठी मुदतपूर्व बाळांत ॲट्रोपीन वापरत नाहीत. ट्रॉपिकामाइडचा प्रभाव अल्पकाळ टिकत असल्याने त्याला प्राधान्य दिले जाते.

तपासणीनंतर काही बाळांत श्वास थांबणे, हृदयगती मंदावणे आणि रक्तातील ऑक्सिजन घटणे असे प्रसंग वाढतात. यांत औषधाचा वाटा किती आणि पापण्या ताणून धरणारे उपकरण, तीव्र प्रकाश, नेत्रगोलावरील दाब व वेदना यांचा वाटा किती हे वेगळे काढणे सोपे नसते.

भारतात प्रौढांसाठी सहज मिळणाऱ्या मिश्रणात ट्रॉपिकामाइड ०.८ टक्के आणि फेनिलेफ्रिन ५ टक्के असते. नवजातांसाठी त्यात तेवढेच कृत्रिम अश्रूंचे द्रावण मिसळून तीव्रता निम्मी करण्याची पद्धत आहे. गडद रंगाच्या बुबुळातील रंगद्रव्य औषध धरून ठेवते, त्यामुळे भारतीय बाळांत बाहुली सावकाश विस्फारते आणि थेंब पुन्हा पुन्हा घालण्याचा मोह होतो. बाहुली न विस्फारणे हे कधी कधी गंभीर आरओपीचेच लक्षण असते. त्यामुळे अशा वेळी थेंबांची संख्या वाढवत राहणे दुहेरी अर्थाने घातक ठरते.

प्रतिजैविके व जंतुनाशके

प्रतिजैविक थेंब व मलमे यांचे बहुतेक दुष्परिणाम सौम्य व स्थानिक असतात. लाली, पापण्यांची सूज आणि मलमामुळे काही वेळ धूसर दिसणे हे त्यांत प्रमुख होत. तरीही औषध बदलताना अनपेक्षित परिणाम होऊ शकतात. २००९ मध्ये अमेरिकेत एरिथ्रोमायसिन मलमाचा तुटवडा झाल्याने काही ठिकाणी जेंटामायसिनचे मलम वापरण्यात आले. त्यानंतर अनेक नवजातांच्या पापण्यांवर व भोवतालच्या त्वचेवर तीव्र दाह, फोड आणि व्रण उद्भवले. जुने, परिचित औषधही नवजातांसाठी वेगळे ठरू शकते हे या घटनेतून दिसून आले.

क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध इंजेक्शनाने किंवा तोंडाने मोठ्या मात्रेत दिल्यास नवजातांत 'ग्रे बेबी सिंड्रोम' ही प्राणघातक अवस्था निर्माण होते. यकृतातील अपरिपक्व विकरे औषधाचे विघटन करू शकत नाहीत. परिणामी बाळ करडे पडते, पोट फुगते आणि रक्ताभिसरण कोसळते. १९५९ मध्ये ही अवस्था ओळखली गेली. थेंबांतून मिळणारी मात्रा त्या तुलनेत अत्यल्प असते. अस्थिमज्जा निकामी होण्याचा क्वचित धोका थेंबांनीही संभवतो का, हा दीर्घकाळ वादाचा विषय राहिला आहे. या थेंबांत वापरल्या जाणाऱ्या बोरॉनयुक्त घटकांमुळे दोन वर्षांखालील मुलांत ते वापरू नयेत, असा इशारा काही उत्पादनांवर छापला जाऊ लागला होता. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२१ मध्ये फेरआढावा घेतला. गरज असल्यास शून्य ते दोन वर्षे वयोगटातही हे थेंब देता येतात आणि त्यांचा लाभ जोखमीपेक्षा अधिक आहे, असा तिचा निष्कर्ष होता.

पोव्हिडोन आयोडीनमुळे सौम्य रासायनिक नेत्रदाह होतो. त्वचा धुण्यासाठीचे साबणयुक्त पोव्हिडोन आयोडीन डोळ्यांसाठी चुकून वापरले गेल्यास स्वच्छमंडलाला इजा होते. आयोडीन शरीरात शोषले गेल्यास मुदतपूर्व बाळांत अवटू ग्रंथीचे कार्य तात्पुरते मंदावू शकते.

काचबिंदूवरील औषधे

जन्मजात काचबिंदूवर मुख्य उपचार शस्त्रक्रियेचा असतो. थेंब शस्त्रक्रियेपूर्वी किंवा पूरक उपचार म्हणून दिले जातात. प्राणघातक ठरू शकणारे सर्वाधिक दुष्परिणाम याच गटात आहेत.

ब्रिमोनिडीन हे औषध मेंदूत सहज शिरते. त्यामुळे बाळ गाढ झोपी जाते, अंग सैल पडते, शरीराचे तापमान उतरते, हृदयगती व रक्तदाब घटतो आणि श्वास थांबू शकतो. दोन वर्षांखालील मुलांत ते निषिद्ध आहे. टिमोलॉल हृदयाची गती मंदावते व श्वासनलिका आकुंचित करते. नवजातांत त्यामुळे श्वास थांबल्याच्या नोंदी आहेत. दिल्यास ते कमी तीव्रतेचे देतात व बाळावर देखरेख ठेवतात. हृदयातील विद्युतवहनाचा दोष किंवा श्वसनविकार असलेल्या बाळांत ते टाळले जाते. डॉर्झोलॅमाइडमुळे मूत्रपिंडे अपरिपक्व असलेल्या बाळांच्या रक्तातील आम्लता वाढू शकते. लॅटानोप्रॉस्टचे सार्वदेहिक परिणाम कमी आहेत. त्याने पापण्यांचे केस वाढणे व बुबुळाचा रंग गडद होणे असे स्थानिक बदल होतात.

स्टेरॉइड

जन्मजात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा आरओपीवरील लेसर उपचारानंतर दाह कमी करण्यासाठी डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन यांसारखे थेंब दिले जातात. त्यांच्या दीर्घ वापराने डोळ्यातील दाब वाढतो आणि जंतुसंसर्ग बळावू शकतो. वारंवार दिलेल्या थेंबांतून पुरेसे स्टेरॉइड शोषले गेल्यास बाळाच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे संप्रेरक बनवणे कमी करतात. अशा बाळांचे वजन व उंची अपेक्षेप्रमाणे वाढत नाही, चेहरा गोलसर होतो. औषध अचानक थांबवल्यास किंवा आजारपणात प्रकृती एकदम ढासळण्याचा धोका असतो. म्हणून स्टेरॉइड थेंब टप्प्याटप्प्याने कमी करतात.

भूल देणारे थेंब

तपासणीपूर्वी प्रोपॅराकेनसारख्या औषधाचा थेंब डोळ्याचा पृष्ठभाग बधिर करण्यासाठी वापरतात. एक-दोन थेंबांनी सहसा अपाय होत नाही. वारंवार वापरल्यास स्वच्छमंडलाचा बाह्य थर झिजतो आणि जखमा भरून येत नाहीत. बधिर डोळा चोळला गेल्यास किंवा त्याला काही लागल्यास बाळाला ते जाणवत नाही.

लाली घालवणारे थेंब

नॅफॅझोलिन, टेट्राहायड्रोझोलिन यांसारखी औषधे असलेले थेंब प्रौढांना डोळ्यांची लाली कमी करण्यासाठी विकले जातात. लहान मुलांच्या शरीरात ती गेल्यास गुंगी, मंद हृदयगती, थंड पडणे व बेशुद्धी येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये अशा बाटल्या मुलांच्या हाती लागू नयेत म्हणून इशारा दिला होता. नवजातांसाठी या थेंबांचा कोणताही उपयोग नाही.

परिरक्षके

बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून बहुतेक थेंबांत बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखे परिरक्षक असते. त्यामुळे अश्रूंचा थर अस्थिर होतो व स्वच्छमंडलाच्या पेशींना इजा पोहोचते. दीर्घकाळ उपचार चालणाऱ्या बाळांत परिरक्षकविरहित, एकदाच वापरायच्या कुप्या श्रेयस्कर मानल्या जातात. अनेक बाळांसाठी एकच बाटली वापरल्यास तिचे टोक दूषित होऊन संसर्ग पसरण्याचा धोकाही असतो.

थेंबांची गरज नसलेल्या किंवा केवळ थेंब अपुरे ठरणाऱ्या अवस्था

अनेक नवजातांच्या डोळ्यांतून सतत पाणी येते आणि कडांना चिपडे जमतात; डोळा मात्र लाल नसतो. अश्रुनलिकेच्या खालच्या टोकाचा पडदा जन्मानंतर लगेच न उघडल्याने असे होते. बहुसंख्य बाळांत तो पहिल्या वर्षात आपोआप उघडतो. आतील कोपऱ्याशी बोटाने विशिष्ट प्रकारे मालिश करणे आणि डोळा स्वच्छ ठेवणे एवढा उपाय बहुधा पुरेसा होतो. अशा बाळांना महिनोन्‌महिने प्रतिजैविक थेंब घातल्यास लाभ न होता केवळ दुष्परिणामांची व जंतूंच्या औषधरोधाची शक्यता वाढते.

याउलट परम्याच्या जंतूंमुळे होणारा नेत्रदाह सहसा जन्मानंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवशी, तर क्लॅमिडियाच्या संसर्गाचा पाचव्या ते चौदाव्या दिवशी सुरू होतो. या दोन्हींत फक्त थेंब पुरत नाहीत. पहिल्यात इंजेक्शनाने आणि दुसऱ्यात तोंडाने प्रतिजैविक द्यावे लागते. क्लॅमिडियामुळे न्यूमोनियाही होऊ शकतो. थेंबांवर विसंबून निदानास झालेला उशीर हा औषधाच्या कोणत्याही दुष्परिणामाहून अधिक हानिकारक ठरू शकतो. पहिल्या २४ तासांतील सौम्य लाली औषधाची प्रतिक्रिया असू शकते. मात्र भरपूर पू आणि पापण्यांची मोठी सूज ही तातडीची अवस्था समजली जाते.

घरगुती उपचार

महाराष्ट्रासह भारताच्या अनेक भागांत बाळाच्या डोळ्यांत काजळ, मध, एरंडेल तेल किंवा आईचे दूध घालण्याची प्रथा आढळते. डोळे मोठे व्हावेत, नजर लागू नये किंवा डोळे आलेले बरे व्हावेत हे त्यामागील हेतू असतात. काजळाने डोळ्यांचा आकार वाढत नाही. बोटाने काजळ घालताना जंतुसंसर्ग होणे, स्वच्छमंडलावर ओरखडा उमटणे आणि अश्रुछिद्रे बुजणे असे अपाय होतात. बाजारातील काही सुरम्यांत शिशाचे प्रमाण अधिक आढळले आहे. शिसे बाळाच्या वाढत्या मेंदूला घातक असते. मध व दूध निर्जंतुक नसल्याने ते डोळ्यांसाठी औषध म्हणून सुरक्षित मानले जात नाहीत. गालावर किंवा कपाळावर लावलेले तीट डोळ्यांत जात नसल्याने त्यात हा धोका नसतो.

घरातील प्रौढांसाठी आणलेले किंवा थोरल्या भावंडाचे उरलेले थेंब बाळाला घालणे हेही तितकेच धोक्याचे आहे. प्रतिजैविक व स्टेरॉइड यांची मिश्रणे बाजारात सर्वत्र मिळतात. त्यांतील स्टेरॉइड नावावरून ओळखू येतेच असे नाही.

लक्षणे

थेंब घातल्यानंतर पुढील लक्षणे दिसल्यास वैद्यकीय मदत तातडीने आवश्यक असते.

• श्वास थांबणे किंवा अनियमित होणे, ओठ व नखे निळसर पडणे
• बाळ नेहमीपेक्षा अधिक झोपाळू होणे, जागे न होणे, अंग सैल पडणे
• दूध ओढण्यास नकार, वारंवार उलटी, पोट फुगून ताठ होणे, शौचात रक्त
• अंग थंड पडणे किंवा कारणाविना ताप येणे व त्वचा लालबुंद होणे
• झटके किंवा अंगाला असामान्य थरथर
• दोन दिवसांनंतरही वाढत जाणारी लाली व सूज, पू, पापण्यांवर फोड, डोळ्याचा काळा भाग धूसर किंवा पांढरा दिसणे

उपचारांत औषध थांबवणे, डोळ्यात व त्वचेवर उरलेले औषध पुसणे, श्वसनाला आधार देणे आणि हृदयगती, ऑक्सिजन व रक्तदाब यांवर देखरेख ठेवणे यांचा समावेश होतो. ब्रिमोनिडीनसारख्या औषधाच्या विषबाधेत बाळाला रुग्णालयात ठेवून निरीक्षण करावे लागते.

प्रतिबंध

दुष्परिणाम टाळण्याचे उपाय साधे असून ते औषधाच्या शोषणाच्या मार्गावर आधारलेले आहेत.

• उपयुक्त ठरणारी किमान तीव्रता निवडणे आणि थेंबांची कमाल संख्या आधीच ठरवणे.
• थेंब घातल्यावर दोन-तीन मिनिटे डोळ्याच्या आतील कोपऱ्यावर, नाकाच्या बाजूस, हलका दाब देणे. त्यामुळे अश्रुनलिकेकडे जाणारा मार्ग बंद राहतो.
• ओघळलेले औषध स्वच्छ कापसाने लगेच टिपणे.
• दोन वेगवेगळ्या थेंबांमध्ये किमान पाच मिनिटांचे अंतर ठेवणे. लागोपाठ घातलेला थेंब आधीचे औषध धुऊन काढतो व नाकात जाणारा भाग वाढवतो.
• हात धुणे, बाटलीचे टोक पापणीला लागू न देणे आणि उघडलेली बाटली सुमारे चार आठवड्यांनंतर न वापरणे.

मुदतपूर्व बाळांची तपासणी शक्यतो नवजात अतिदक्षता विभागात, हृदयगती व ऑक्सिजन मोजणारी यंत्रे जोडून केली जाते. तपासणीच्या लगेच आधी दूध पाजत नाहीत. सायक्लोपेंटोलेटच्या माहितीपत्रकात तपासणीनंतर चार तास दूध न देण्याची सूचना असते. प्रत्यक्षात बाळाची अवस्था पाहून डॉक्टर हा निर्णय घेतात. वेदना कमी करण्यासाठी साखरेचे द्रावण, बाळाला कपड्यात गुंडाळून धरणे व कुशीत घेणे यांचा उपयोग होतो.

थेंबाचे आकारमानच कमी करणे हा अलीकडील संशोधनाचा विषय आहे. ५ ते १० मायक्रोलिटरचे सूक्ष्मथेंब बारीक नळीने दिल्यास बाहुली पुरेशी विस्फारते आणि औषधाची मात्रा अनेक पटींनी घटते. न्यूझीलंडमध्ये १ टक्का फेनिलेफ्रिन व ०.२ टक्के सायक्लोपेंटोलेट यांच्या सूक्ष्मथेंबांवर या दृष्टीने चाचण्या झाल्या आहेत.

भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्यासाठी २०१० पासून राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम सुरू असून त्याचे समन्वयन गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोग करतो. डॉक्टर व परिचारिकांप्रमाणेच पालकही तेथे दुष्परिणाम कळवू शकतात.

लाभ आणि जोखीम

दुष्परिणामांच्या भीतीने आरओपीची तपासणी टाळणे किंवा लांबवणे हे बाळाच्या हिताचे नसते. हा विकार काही आठवड्यांत वाढतो. योग्य वेळी लेसर किंवा अन्य उपचार केल्यास दृष्टी वाचू शकते, परंतु दृष्टिपटल पूर्ण सुटल्यानंतर ती परत मिळवणे बहुधा अशक्य असते. जन्मजात काचबिंदू आणि मोतीबिंदू यांच्या बाबतीतही उपचारातील विलंबाची किंमत कायमची असते. बहुतेक बाळांत थेंबांचे परिणाम सौम्य व तात्पुरते असतात. गंभीर घटना मुख्यतः फार कमी वजनाच्या, आजारी किंवा अयोग्य तीव्रतेचे औषध मिळालेल्या बाळांत घडतात. सिल्व्हर नायट्रेटपासून सूक्ष्मथेंबांपर्यंतच्या इतिहासात उपाय सोडून देण्याऐवजी त्याची मात्रा बाळाच्या शरीराच्या मापाची करण्याकडेच वाटचाल झालेली दिसते.

हे सुद्धा पहा

• नवजात अर्भक
• मुदतपूर्व प्रसूती
• रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी
• जन्मजात काचबिंदू
• डोळे येणे
• औषधदक्षता